अंदमानच्या सहलीचा बेत, फायब्रोमायल्जियासह

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय सत्तेचाळीस, सांगलीत बँकेत नोकरी, सहा वर्षांपूर्वी फायब्रोमायल्जियाचे (सर्वांगदुखी आणि थकव्याच्या दीर्घकालीन आजाराचे) निदान झालेले, अलीकडे अंगदुखीपेक्षा थकवाच अधिक छळतो, आणि दिवाळीच्या सुटीत दीर-जाऊ व दोन्ही घरची मुले मिळून आठ जणांनी अंदमानला जाण्याचे घरात ठरत आले आहे. सहा रात्री व सात दिवसांची सहलीची कार्यक्रमपत्रिकाही तुम्ही सोबत दिली आहे आणि ‘मी जावे की सगळ्यांना जाऊ देऊन घरी राहावे’ असे विचारले आहे. मी चोवीस वर्षे पुण्यात दीर्घकालीन वेदनांच्या रुग्णांबरोबर फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे, आणि अंदमानला तीनदा जाऊन आले आहे; त्यातल्या एका खेपेस संधिवात असलेली माझी थोरली बहीण बरोबर होती. माझे मत असे की तुम्ही जावे, पण ही पत्रिका घेऊन जाऊ नये.

इतर वाचकांसाठी ती पत्रिका पुन्हा मांडते. पहिल्या दिवशी पहाटेच्या विमानाने पोर्ट ब्लेअर, दुपारी कॉर्बिन्स कोव्ह, मग सेल्युलर जेल आणि तिथला ध्वनिप्रकाश कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी बाराटांग. तिसऱ्या दिवशी हॅवलॉक आणि राधानगरचा किनारा, चौथ्या दिवशी एलिफंट बीच व काला पत्थर, पाचव्या दिवशी नील बेट, सहाव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअरला येऊन रॉस आणि नॉर्थ बे, सातव्या दिवशी परतीचे विमान. (हॅवलॉक २०१८ पासून अधिकृतपणे स्वराज द्वीप आहे, नील शहीद द्वीप, रॉस नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. तिकिटावर यांपैकी कोणतेही नाव दिसले तरी गोंधळू नये. मी जुनीच नावे वापरते, कारण तिथले टॅक्सीवालेही बहुधा तीच वापरतात.)

निरोगी माणसासाठीही ही पत्रिका दमवणारी आहे, पण तुमच्यासाठी तिच्यातली खरी अडचण स्थळांच्या संख्येत नाही. बहुतेक जण सहलीचा भार किती ठिकाणे पाहायची यावरून मोजतात. माझे रुग्ण परत आल्यावर जे सांगतात आणि मी स्वतः जे पाहिले आहे त्यावरून मला खात्रीने वाटते की शक्ती खर्च होते ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याच्या सांध्यांवर. बॅग भरणे, रांगेत उभे राहणे, जिना, गाडीतून उतरून पुन्हा चढणे, खोली मिळेपर्यंत बाकावर ताटकळणे, यांपैकी काहीच फोटोत येत नाही आणि पत्रिकेतही लिहिलेले नसते. पत्रिकेत ‘सकाळी फेरीने हॅवलॉक’ एवढीच एक ओळ असते. ती ओळ प्रत्यक्षात कशी घडते ते पाहा. पहाटे उठून बॅगा बंद करायच्या, हॉटेलचा जिना उतरायचा, टॅक्सीत बसायचे. सुटण्याच्या तासभर आधी जेटीवर पोचायचे. फाटकावर तिकीट आणि ओळखपत्र दाखवायचे, बॅगा तपासणीच्या पट्ट्यावर उचलून ठेवायच्या व पलीकडून उचलून घ्यायच्या. प्रतीक्षागृहात खुर्ची मिळाली तर बसायचे. मग धक्क्यावरून उन्हात चालत बोटीपर्यंत जायचे, हलत्या फळीवरून आत शिरायचे आणि दीड ते अडीच तास बसायचे. हॅवलॉकला उतरून लांबलचक जेटी पुन्हा चालायची, नावाची पाटी धरलेला माणूस शोधायचा, गाडीत बसायचे, रिसॉर्टवर पोचून खोली तयार होण्याची वाट पाहायची. एका प्रवासात असे दहा-बारा सांधे असतात, आणि तुमच्या पत्रिकेत फेरीचे असे तीन प्रवास व हॉटेलचे चार मुक्काम आहेत. ठिकाणे कमी न करता नुसते मुक्काम कमी केले, तरी निम्मे काम होते.

तेव्हा पहिला नियम असा, की बेटांवर एकच मुक्काम ठेवावा आणि तो हॅवलॉकला ठेवावा. नील बेट सुंदर आहे, पण तुम्ही ते सोडावे. तिथले प्रसिद्ध नैसर्गिक दगडी पूल पाहायला ओहोटीच्या वेळी मृत प्रवाळाच्या ओबडधोबड, निसरड्या खडकांवरून जावे लागते, आणि घोटा व गुडघा सावरण्यात ज्या स्नायूंची दमछाक होते, तेच तुमचे आधी दुखणारे स्नायू आहेत.

बाराटांगबद्दल मी अधिक कडक आहे. पोर्ट ब्लेअरहून पहाटे तीन-साडेतीनला निघावे लागते, कारण जिरकाटांगच्या नाक्यावरून जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून गाड्यांचे ताफे ठरलेल्या वेळीच सोडतात. पुढे खाचखळग्यांचा रस्ता, मग गाड्यांसह खाडी ओलांडणारी मोठी बोट, मग खारफुटीतून छोटी वेगवान बोट, आणि शेवटी चुनखडीच्या गुहेपर्यंत दमट हवेत एक-दीड किलोमीटर पायपीट. आणि हे सगळे परतीच्या वाटेवर पुन्हा. बारा तासांचा दिवस, तोही मोडलेल्या झोपेनंतरचा. फायब्रोमायल्जियात अपुरी झोप ही दुसऱ्या दिवसाच्या दुखण्याची एक मोठी पूर्वसूचना असते. घरच्यांना जायचे असेल तर त्यांनी जरूर जावे. तुम्ही त्या दिवशी झोपावे.

आता झोपेवरून विमानाकडे. पत्रिकेतले पहाटेचे विमान गाठायला तुम्हाला आदल्या संध्याकाळी सांगलीहून निघून पुणे किंवा मुंबई, तिथून रात्रीचे विमान, मध्यरात्री चेन्नईच्या विमानतळावर खुर्चीत तीन-चार तास, आणि मग पोर्ट ब्लेअरचे सव्वादोन तासांचे उड्डाण असा प्रवास करावा लागेल. एक हॉटेल वाचते म्हणून एजंट हा मार्ग सुचवतात. तुम्ही चेन्नईला विमानतळाजवळ एक रात्र पाठ टेकून काढावी आणि सकाळच्या, पण पहाटेच्या नव्हे, अशा विमानाने पुढे जावे. विमानात व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच मागावी, निदान ४८ तास आधी तरी कळवावी. ‘मी तर चालू शकते, मग खुर्ची कशाला’ हा संकोच माझ्या प्रत्येक रुग्णाला होतो. चालता येते म्हणूनच मागायची. ते चालणे राधानगरच्या वाळूसाठी राखून ठेवायचे. मागताना जिना चढता येतो की नाही तेही स्पष्ट सांगावे, कारण विमानापर्यंत बस आणि पुढे शिडी असण्याची शक्यता असते आणि त्याची सोय निराळी करावी लागते.

हंगामाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते. दिवाळीच्या सुमारास अंदमानात परतीच्या मोसमी पावसाचा जोर असू शकतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ असतो. डिसेंबर २०१६ मध्ये हवामान बिघडून हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते व नौदलाला त्यांना बाहेर काढावे लागले होते. धडधाकट माणसाला ती एक सांगण्यासारखी गोष्ट होते; मोजून गोळ्या नेलेल्या माणसाला ती आणीबाणी असते. समुद्र शांत, पाऊस नगण्य आणि उकाडा अजून सोसण्याजोगा, असा काळ साधारण मध्य जानेवारी ते मध्य मार्च. मुलांच्या शाळेचा प्रश्न येईल हे मला कळते. फेब्रुवारीत चार दिवस शाळा बुडवणे आणि नोव्हेंबरात खवळलेल्या समुद्रावर दोन तास ओकाऱ्या काढणे यांत मी पहिले निवडीन, पण हा निर्णय तुमच्या घराचा. दिवाळीच पक्की असेल तर बाकीचे सगळे नियम दुप्पट कडक पाळावे लागतील, एवढे लक्षात घ्यावे.

एक गोष्ट नकाशात सहज दिसते, पण सहलीत कोणाच्या ध्यानात येत नाही. अंदमान पुण्याच्या जवळजवळ एकोणीस अंश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र एकच. म्हणजे सूर्य तिथे सव्वा तास पुढे धावतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचलाच सूर्य बुडतो, फेब्रुवारीत साडेपाचच्या थोडे पुढे. त्यामुळे तिथले सगळे वेळापत्रक पुढे ओढलेले असते, आणि आपल्याकडच्या सहलींचे जे ठरलेले सहा-सात-आठ असते, सहाला उठणे, सातला नाश्ता, आठला गाडी, ते तिथे पाच-सहा-सात होऊन बसते. सकाळी उठल्यावर अंग आखडलेले असण्याचा तुमचा काळ तुम्ही दीड तास लिहिला आहे. या दीड तासात कोणीही तुम्हाला गाडीत बसवू नये. तुमचा दिवस दुपारी साडेतीनला सुरू झाला तरी चालेल. राधानगर पश्चिमाभिमुख आहे, तिथले खरे वैभव सूर्यास्ताचेच, आणि साडेतीन ते सूर्यास्त ही वेळ उन्हाच्या दृष्टीनेही उत्तम. सकाळी दहा ते तीन या वेळात तर कोणीच उघड्यावर राहू नये.

वाळूचा हिशोब नीट समजून घ्यावा. सैल वाळूत त्याच वेगाने चालायला कठीण जमिनीच्या तुलनेत दुपटीहून अधिक ऊर्जा लागते, हे मोजून पाहिलेले आहे. पाय रुतत असल्याने प्रत्येक पावलागणिक पोटऱ्या आणि नितंबांचे स्नायू अधिक राबतात. आमची चूक इथेच झाली. माझी बहीण त्या सहलीत तिसऱ्या दिवशी कमालीची खुशीत होती, तीन महिन्यांत इतके कमी दुखले नव्हते म्हणाली. राधानगरला सूर्य खाली येत होता, गर्दीपासून दूर म्हणून आम्ही दोघी कोरड्या वाळूतून गप्पा मारत चालत गेलो, आणि मी, जिचे हेच काम आहे, घड्याळाकडे पाहिले नाही. परत फिरलो तेव्हा अंधारत होते. त्या रात्री ती ठीक होती, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही ठीक होती. मग मात्र पुढचे दोन दिवस तिने खोलीच्या छताकडे पाहत काढले. हे उशिरा येणारे बिल ओळखायला शिकणे हेच अशा आजारांतले मोठे कौशल्य आहे. आज किती दुखते आहे यावरून आज किती चालायचे ते ठरवू नये. चांगल्या दिवशी अधिक करून वाईट दिवशी अंथरूण धरणे, या चक्रातूनच तर आपण रुग्णांना बाहेर काढत असतो. किनाऱ्यावर चालायचेच असेल तर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून, पायात पट्ट्याची सँडल घालून, जाताना दहा मिनिटे आणि येताना दहा मिनिटे चालावे. सोबतच्यांपैकी एकाला घड्याळ बघण्याचे काम द्यावे, कारण ते आपल्याकडून होत नाही.

पाणी मात्र तुमच्या बाजूचे आहे. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा निम्मा भार पाणी उचलते, छातीइतक्या पाण्यात पायांवर तिसरा हिस्साही उरत नाही. अंदमानचा समुद्र सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतो. आमच्या उपचारांच्या तलावाइतका गरम नव्हे, पण स्नायू आखडवण्याइतका गारही नव्हे. लाटा नसलेल्या वेळी, जीवरक्षक जिथे पोहू देतात तिथेच, कमरेइतक्या पाण्यात पंधरा मिनिटे नुसते उभे राहणे आणि सावकाश चालणे हा तुमच्यासाठी सहलीतला सर्वांत आनंददायक व्यायाम ठरेल. बाहेर येताच कोरडे कपडे घालावेत, कारण ओल्या अंगावरचा वारा मानेला बाधतो. खाऱ्या पाण्यातल्या मगरींबद्दलचे फलक कुठे दिसले तर ते गंमत म्हणून लावलेले नसतात, एवढे मुलांनाही सांगावे.

सहलीआधी दोन आठवडे एक साधी नोंदवही ठेवावी. रोजची पावले, न थांबता उभे राहण्याची मिनिटे, आणि दुसऱ्या दिवशीची अवस्था. ज्या दिवसांनंतर दुसरा दिवस बिघडला नाही, त्या दिवसांची सरासरी काढावी आणि तिच्या ऐंशी टक्के ही सहलीतली रोजची मर्यादा मानावी. समजा सरासरी चार हजार पावले आली, तर मर्यादा बत्तीसशे. फेरीचा प्रवास आणि खोलीपर्यंतचे येणे-जाणेच त्यातली मोठी रक्कम खाऊन टाकते हे दिसले की ‘त्या दिवशी संध्याकाळी राधानगर’ आपोआप पत्रिकेतून गळते. वाळूतली पावले दुप्पट धरावीत.

इथे एक फरक सांगणे आवश्यक आहे, कारण तुम्ही थकवा अधिक असल्याचे लिहिले आहे. फायब्रोमायल्जियात बेताचा, नियमित व्यायाम उपयोगी पडतो. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशींत ठामपणे पुरस्कारलेला उपाय व्यायाम हाच आहे. म्हणून जाण्यापूर्वी सहा आठवडे तुम्ही रोज थोडे चालणे, खुर्चीतून उठबस आणि एका पायरीवर चढ-उतर असा सराव करावा. परंतु थोड्याशा श्रमानंतर दिवसा-दोन दिवसांनी संपूर्ण शरीरच कोसळत असेल, ताप आल्यासारखे वाटणे, घसा दुखणे, डोके न चालणे असे होत असेल, तर तो क्रॉनिक फटीग सिंड्रोम असू शकतो, आणि त्यात व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला अपाय करतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तो काढून टाकला आहे. असे असल्यास तयारीचा सराव करू नये, उलट जाण्यापूर्वीचा आठवडा जितका रिकामा ठेवता येईल तितका ठेवावा. हे तुमच्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे.

औषधांबद्दल मी फिजिओथेरपिस्ट म्हणून एवढेच सांगेन की पुढील प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यावेत. तुम्ही रात्री अमिट्रिप्टिलिन घेता. त्याने घाम कमी येऊ शकतो, आणि अंदमानच्या दमट हवेत शरीर थंड ठेवायला घामाशिवाय फारसे साधन नसते. प्रीगाबालिनने गुंगी येते व काहींच्या पायांना सूज येते. त्यावर बोट लागू नये म्हणून आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी ॲव्होमिनची गोळी घेतली तर गुंगीत भर पडते, आणि हलत्या फळीवरून बोटीतून उतरण्याची वेळ नेमकी तीच असते. सूज-वेदनेच्या गोळ्या आणि अंगातले पाणी कमी होणे ही जोडी मूत्रपिंडांना घातक आहे, म्हणून दिवसभर थोडे थोडे पाणी, मधूनमधून ओआरएस किंवा शहाळे चालू ठेवावे. ट्रॅमाडॉल घेत असाल तर ते २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे, त्यामुळे चिठ्ठी कागदावरच जवळ ठेवावी. बेटांवर मोबाइलच्या नेटवर्कचा भरवसा नसतो. सगळी औषधे हातातल्या पिशवीत, आणि ठरल्या दिवसांपेक्षा पाच दिवसांची जास्त. प्रीगाबालिन किंवा ड्युलोक्सेटिन अचानक बंद पडले तर जे हाल होतात, ते हॅवलॉकच्या लहानशा औषध-दुकानासमोर उभे राहून अनुभवू नयेत. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठे सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरचे जी. बी. पंत. याच कारणासाठी, आणि फेरी रद्द होऊ शकते म्हणूनही, परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढावी. त्याच दिवशीची फेरी आणि विमान जोडण्याचा मोह कोणी घातला तरी पडू नये.

सेल्युलर जेल टाळा असे मी मराठी माणसाला सांगणार नाही, आणि सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात इमारतींपैकी तीन आज उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, ओसरीच्या अगदी टोकाला आहे. म्हणजे दोन जिने चढणे, लांब ओसरी चालणे आणि तेवढेच परत. पोचल्या दिवशी हे करू नये. दुसऱ्या दिवशी, अंग मोकळे झाल्यावर, एक जिना झाला की थांबून, कठड्याला हात ठेवून जावे, आणि उतरताना अधिक सावकाश उतरावे, कारण मांडीच्या स्नायूंना उतरणेच जास्त दुखवते. कोठडीपाशी बसायला मिळाले तर बसावे. तिथे घाई करणाऱ्यांकडे पाहून मला नेहमी वाईट वाटते. ध्वनिप्रकाश कार्यक्रम वेगळ्या संध्याकाळी पाहावा, पाठीशी छोटी उशी घेऊन आणि डासांचे मलम लावून. रॉस बेटावर पर्यटकांना फिरवणाऱ्या बॅटरीच्या गाड्या आहेत, त्यामुळे ते तुम्हाला जमण्यासारखे आहे. नॉर्थ बे सोडून द्यावे.

छोट्या बोटीत चढण्या-उतरण्याचे तंत्र मी रुग्णांना दवाखान्यातच करून दाखवते, ते इथे शब्दांत सांगते. बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. ती धक्क्याच्या पातळीला येऊन क्षणभर थांबते, पाय टाकायचा तो तेव्हा. ती खाली जात असताना टाकलेला पाय हवेत राहतो आणि कमरेत चमक भरते. खलाशी हात पुढे करतो, त्याची बोटे धरू नयेत, मनगटाच्या वर धरावे आणि त्यालाही आपले मनगट धरू द्यावे. दुसरा हात रिकामा हवा, म्हणून खांद्यावरची पिशवी आधीच कोणाकडे तरी द्यावी. वेगवान बोटीत पुढच्या बाजूला बसण्याचा आग्रह मुले करतील. लाटेवर आपटते ती पुढचीच बाजू, म्हणून तुम्ही मागे बसावे. एलिफंट बीचला जाणारी बोट अशीच असते, तेव्हा त्या दिवशी तुम्ही रिसॉर्टवर राहिलात तर मला अधिक बरे वाटेल. मोठ्या खासगी फेरीत आपटणे नसते, पण वातानुकूलन कडाक्याचे असते. शाल आणि मोजे हाताशी हवेत.

रिसॉर्ट ठरवताना संकेतस्थळावरची छायाचित्रे पाहून काही कळत नाही. तिथे फोन करून, स्वागतकक्षापासून तुमच्या खोलीच्या पलंगापर्यंत चालत जातानाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगावे. हॅवलॉकच्या अनेक रिसॉर्टांत कॉटेज झाडीत विखुरलेली असतात आणि वाट वाळूची किंवा विस्कळीत फरशांची असते. हे त्या एका मिनिटात दिसते. तळमजला, कमोड, गरम पाणी, वीज गेल्यावर जनित्र, आणि गादी पातळ असल्यास दुसरी अंथरायला मिळेल का, एवढे विचारावे. घरची उशी आणि शेकण्याची पिशवी न्यावी. आणि पैशांबद्दल माझे एक ठाम मत आहे: समुद्र दिसणाऱ्या खोलीवर जादा खर्च करण्याआधी तो प्रवासाच्या सांध्यांवर करावा. जेटीवर सामान उचलणारा माणूस, दिवसभर हाताशी राहणारी गाडी, दुपारी बारापर्यंत खोली सोडायला मिळणारी मुभा, चेन्नईची ती एक रात्र.

तेव्हा माझ्या दृष्टीने तुमचा बेत असा होतो. चेन्नईला एक रात्र. पोर्ट ब्लेअरला पोचल्या दिवशी जेवण आणि झोप, दुसरे काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा नाश्ता, ऊन उतरल्यावर जेल. घरचे त्या दिवशी बाराटांगला गेले तर जेल तिसऱ्या दिवशी एकत्र पाहावे. चौथ्या दिवशी हॅवलॉकची फेरी आणि संध्याकाळ रिकामी. पाचव्या दिवशी राधानगर. सहाव्या दिवशी मंडळी एलिफंट बीचला, तुम्ही खोलीत, आणि जमल्यास संध्याकाळी जवळच्या किनाऱ्यावर सगळे मिळून. सातव्या दिवशी परतीची फेरी, आठव्या दिवशी विमान. रोज दुपारी जेवणानंतर अंधाऱ्या खोलीत, मोबाइल दूर ठेवून, अर्धा तास आडवे होणे हे दुखत असो वा नसो, ठरलेलेच.

आता सर्वांत नाजूक भाग, घरच्या माणसांचा. तुम्ही लिहिले आहे की जाऊबाई ‘चेहरा तर इतका टवटवीत दिसतो’ असे म्हणतात. त्या वाईट हेतूने म्हणत नसतील; हा आजार चेहऱ्यावर दिसत नाही, हेच त्याचे दुर्दैव. पण सहलीत सकाळी आठला, सगळे गाडीत बसलेले असताना ‘मी येत नाही’ म्हणणे आणि तिकिटे काढण्यापूर्वी ‘सहाव्या दिवशी मी रिसॉर्टवर राहणार आहे, तुम्ही सगळ्यांनी जायचे आहे’ असे सांगणे यांत फार अंतर आहे. पहिल्याने सगळ्यांचा विरस होतो आणि मग तुम्ही ओढूनताणून जाता. दुसऱ्याने तो फक्त पत्रिकेचा भाग होतो. यजमानांनीही त्या दिवशी मुलांबरोबर जावे. शेजारी बसून काळजीने पाहणाऱ्या माणसामुळे विश्रांती होत नाही, हे माझ्या कित्येक रुग्णांनी मला हळूच सांगितले आहे.

दुखणे उफाळलेच तर काय करायचे तेही आधी लिहून ठेवावे: कोणती गोळी, किती वेळा वाढवता येईल, शेक, गरम पाण्याने अंघोळ, आणि एक दिवस पूर्ण सुटी. मात्र ताप, एकाच पोटरीला आलेली सूज, छातीत दुखणे, हातापायातली ताकद अचानक कमी होणे किंवा लघवीचा ताबा जाणे, यांपैकी काहीही झाले तर ते फायब्रोमायल्जियाच्या खाती टाकू नये आणि लगेच डॉक्टर गाठावा. जुने दुखणे असलेल्या माणसाचे नवे दुखणे अंगावर काढले जाते, ही चूक घरचेही करतात आणि रुग्ण स्वतःही.

बँकेतली रजा परतल्यानंतरच्या दोन दिवसांसह मागावी, कारण श्रमांचे ते उशिरा येणारे बिल घरी पोचल्यावरच हाती पडते. त्या दोन दिवसांचा डबा निघण्यापूर्वीच कोणाकडे तरी सांगून ठेवावा, आणि ओले कपडे तेवढे बाहेर काढून बॅगा तिसऱ्या दिवसापर्यंत तशाच राहू द्याव्यात.